व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया: रक्ताच्या रिपोर्टवरून पेशंटचा कल कसा ओळखायचा

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये हल्ली रिपोर्टचे फोटो असतातच. आज सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) १८०, काल २१०, परवा ९०. हा फोटो बारामतीच्या मामांना जातो, मामा तो ओळखीतल्या डॉक्टरांना पुढे धाडतात, आणि तासाभरात चार ठिकाणांहून चार मतं येतात. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत सातारा, नगर, सोलापूरकडून आलेले पेशंट भरपूर, त्यामुळे निम्मं घर गावीच असतं. तिथे पोचतो तो नुसता आकडा. नळीतून आलेला कफ, मशीनवरचा ऑक्सिजन, रक्तदाबाचं चालू इंजेक्शन यांतलं काहीच त्या फोटोत दिसत नाही, आणि आकड्याला अर्थ येतो तो नेमका त्यांच्यामुळे.

मी इथल्या आयसीयूत राउंड घेणारा डॉक्टर आहे. हे लिहितोय ते अशा नातेवाइकांसाठी, आणि आयसीयूत नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदर आणि रेसिडेंट मंडळींसाठीही. कोणती तपासणी कोणत्या दिवशी बघायची, ती वहीत कशी लिहायची, आकडा उतरला नाही तर काय विचारायचं, एवढाच विषय आहे. औषध कोणतं, चालू ठेवायचं की थांबवायचं, हे पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हा लेख दाखवून औषध बदलून मागू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी

श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया होतो त्याला व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया म्हणतात. आयसीयूत सगळे त्याला ‘व्हॅप’ म्हणतात. नळीमुळे घशाचा नैसर्गिक पहारा उठतो, झोपेच्या औषधांमुळे खोकला दबतो, आणि तोंडातली लाळ नळीच्या फुग्याभोवतीने थोडी थोडी खाली झिरपत राहते. तिच्याबरोबर जंतूही उतरतात.

व्हॅप झालाय की नाही हे रक्ताची कोणतीही एक तपासणी सांगू शकत नाही. एक्स-रेवर नवा डाग, ताप, पांढऱ्या पेशींत वाढ किंवा घट, कफ दाट आणि पिवळा-हिरवा होणं, ऑक्सिजन जास्त लागणं, हे सगळं जुळवून डॉक्टर निदान करतात. अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि छातीरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वंही हेच म्हणतात: अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पेशंटच्या लक्षणांवरून ठरवा, सीआरपी किंवा प्रोकॅल्सिटोनिनसाठी (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा घटक) थांबू नका. रक्तातल्या या निर्देशकांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. उपचार लागू पडतायत का, आणि अँटिबायोटिक कधी बंद करता येईल, हे दोन प्रश्न त्यांना विचारावेत.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार योग्य उपचार चालू असतील तर ७२ ते ९६ तासांनी पेशंटचं काय होईल हे सांगण्यासाठी या तपासण्या नेमाने करू नयेत. खाटेपाशी केलेली तपासणी पुरेशी आहे. मला हे तत्त्व म्हणून पटतं. पण आपल्याकडच्या आयसीयूत हे रिपोर्ट होतातच, बिलात लागतातच, आणि नातेवाइकांची रात्रीची झोपही उडवतात. मग ते नीट वाचता यावेत हे बरं.

पायरी १: शून्य दिवस ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ॲडमिट झाल्यापासून दिवस मोजू नका. व्हॅपचा संशय येऊन नवं अँटिबायोटिक ज्या दिवशी सुरू झालं तो शून्य दिवस. ही तारीख डॉक्टरांना किंवा सिस्टरना स्पष्ट विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कारण असं, की व्हेंटिलेटरवर गेलेला पेशंट आधीपासूनच कशाने तरी आजारी असतो. अपघात, मेंदूचं ऑपरेशन, पॅन्क्रियाजची सूज, यांत संसर्ग नसतानाही सीआरपी शे-दोनशेवर जातो. म्हणून शून्य दिवसाच्या आधीचे तीन-चार आकडेही लिहून ठेवा. ऑपरेशननंतर १६० वर गेलेला सीआरपी ७० पर्यंत उतरून परत १९० झाला, तर त्या १९० ला वजन आहे. पहिल्या दिवसापासून १९० च्या आसपासच रेंगाळत असेल तर तेवढं नाही.

पायरी २: वही आखा, आणि एककं तपासा

साधी दोनशे पानी आडवी वही चालेल. डाव्या पानावर रक्ताचे आकडे: तारीख, कितवा दिवस, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा), बिलिरुबिन (यकृताचा), लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन किंवा रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारं). उजव्या पानावर पेशंट: दिवसातला सर्वांत जास्त ताप, मशीनवर ऑक्सिजन किती टक्के, एबीजीमधला (धमनीतल्या रक्ताची तपासणी) ऑक्सिजनचा दाब, नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब टिकवणारं इंजेक्शन, बोलण्यात ‘नॉरॲड’) चालू आहे का आणि कालपेक्षा वाढलं की कमी झालं, कफ किती आणि कसा. उजवं पान रिकामं ठेवून फक्त डावं भरणार असाल तर वही न घातलेली बरी.

आता एककं. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. आधीच्या छोट्या हॉस्पिटलच्या रिपोर्टवर १८ आणि इथल्या रिपोर्टवर १८० असेल, तर पेशंट दहापट बिघडलाय असं समजू नका. तो एकच आकडा असू शकतो. आकड्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं एकक वाचल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. प्रोकॅल्सिटोनिनमध्ये ही अडचण येत नाही, कारण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे दोन्ही आकडे सारखेच येतात. लॅक्टेट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आलं असेल तर त्याला ९ ने भागा, मिलिमोल मिळतील: १८ म्हणजे २.

प्रोकॅल्सिटोनिनची एक गोम वेगळी आहे. काही ठिकाणी ही तपासणी झटपट कार्डावर होते. रेघेचा रंग किती गडद त्यावरून ‘०.५ पेक्षा कमी’, ‘०.५ ते २’, ‘२ ते १०’, ‘१० च्या वर’ असा पट्टा सांगितला जातो. अशा रिपोर्टवरून आकडा किती टक्के उतरला हे काढता येत नाही. कल बघायचा असेल तर मशीनवर मोजलेला नेमका आकडा हवा, आणि शक्यतो दर वेळी त्याच लॅबमधून.

पायरी ३: सीआरपी वाचणं

सीआरपीचा जन्मच न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये झाला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियाने आजारी असलेल्यांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं. हे प्रथिन यकृत बनवतं. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताला मिळतो आणि उत्पादन सुरू होतं.

दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दाह सुरू झाल्यावर सीआरपी शिखरावर पोचायला साधारण दोन दिवस घेतो. आणि नवं उत्पादन पूर्ण थांबलं तर रक्तातला सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मा होतो. म्हणजे योग्य अँटिबायोटिक आज सकाळी सुरू झालं तरी उद्याचा सीआरपी आजच्यापेक्षा जास्त येऊ शकतो. पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या वाढीवरून ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढून गावी फोन करू नका. या टप्प्यावर मी स्वतः तो आकडा बघतो, लिहितो आणि पुढे जातो.

खरा दिवस चौथा. हिशोब साधा आहे: चौथ्या दिवसाचा सीआरपी भागिले शून्य दिवसाचा सीआरपी. पोर्तुगालमधल्या पेद्रो पोव्होआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व्हॅपच्या पेशंटमध्ये नेमकं हेच मोजलं. वाचलेल्यांमध्ये चौथ्या दिवशी सीआरपी सरासरीने सुरुवातीच्या ०.६ पटीच्या आसपास आला होता. दगावलेल्यांमध्ये तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. शून्य दिवशी २०० असेल तर चौथ्या दिवशी १२० किंवा खाली, हा समाधानाचा उतार. १९० च असेल तर उपचाराकडे पुन्हा बघायची वेळ आली.

मात्र याच अभ्यासाची उलट बाजू सहसा कोणी सांगत नाही. आकडा उतरला तर ती भक्कम चांगली खूण होती. आकडा न उतरणं ही तितकी भक्कम वाईट खूण नव्हती, कारण नंतर बऱ्या झालेल्यांपैकीही बऱ्याच जणांचा सीआरपी चौथ्या दिवशी पुरेसा उतरला नव्हता. त्यामुळे ०.६ च्या वरचा आकडा आला की धीर सोडायचा नाही, प्रश्न विचारायचे. ते कोणते, ते पुढे येतं.

पायरी ४: प्रोकॅल्सिटोनिन वाचणं

आयसीयूतल्या बोलण्यात हा ‘पीसीटी’. एरवी थायरॉइडमधल्या पेशी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवण्यासाठी याचा कच्चा माल म्हणून वापर करतात, आणि निरोगी माणसाच्या रक्तात तो ०.१ च्याही खाली असतो. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की इतर अवयवही तो बनवायला लागतात. फ्रेंच डॉक्टरांनी १९९३ मध्ये हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. विषाणूंच्या आजारात तो सहसा तितका वाढत नाही.

पीसीटी काही तासांत चढतो आणि साधारण २४ तासांत निम्मा होतो, म्हणून सीआरपीपेक्षा त्याची हालचाल लवकर कळते. पॅरिसमध्ये ल्युईट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व्हॅपच्या ६३ पेशंटमध्ये पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पीसीटी मोजला. पहिल्या दिवशी १ च्या वर, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ०.५ च्या वर राहिलेल्यांची वाट बिकट ठरली. ब्राझीलमधल्या २००६ च्या एका अभ्यासातही शून्य ते चौथ्या दिवसात सीआरपी आणि पीसीटी उतरणं आणि पेशंट वाचणं यांचं नातं दिसलं. अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे ०.५ ला लक्ष्मणरेषा मानू नका. दिशा मात्र सगळीकडे एकच आहे.

धरणाचं उदाहरण पुण्यात कोणालाही पटेल. पावसाळ्यात खडकवासला किती टक्के भरलंय एवढं ऐकून नदीकाठची माणसं सामान हलवत नाहीत. विसर्ग वाढतोय की घटतोय ते बघतात. पीसीटी २० वरून चार दिवसांत ४ वर आलेला पेशंट मला १.५ वर चार दिवस अडून बसलेल्या पेशंटपेक्षा कमी काळजीत टाकतो.

एक सावधगिरी. व्हॅपमध्ये संसर्ग फुप्फुसापुरता मर्यादित असेल तर पीसीटी फारसा चढतच नाही. ‘पीसीटी ०.३ आलाय, म्हणजे न्यूमोनिया नाही’ असं म्हणता येत नाही. सुरुवातीलाच कमी असलेल्या पीसीटीचा उतार मोजण्यातही अर्थ नाही. तिथे सीआरपी आणि ऑक्सिजनवर भिस्त ठेवावी लागते.

अँटिबायोटिक थांबवण्याच्या निर्णयात पीसीटीचा आधार सर्वांत पक्का आहे. नेदरलँड्समधल्या १५ हॉस्पिटलांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नियम असा होता: पीसीटी शिखरापासून ८०% उतरला किंवा ०.५ वर किंवा त्याखाली आला, तर अँटिबायोटिक थांबवायचा सल्ला डॉक्टरांना द्यायचा. त्या गटात अँटिबायोटिकचे दिवस कमी झाले, आणि २८ दिवसांतले मृत्यूही वाढले नाहीत: पीसीटी गटात सुमारे २०%, नेहमीच्या पद्धतीत २५%. अलीकडे ब्रिटनमधल्या ४१ आयसीयूंत २,७६० पेशंटवर झालेल्या चाचणीत रोज पीसीटी बघून अँटिबायोटिक साधारण एका दिवसाने कमी झालं, धोका न वाढता. त्याच चाचणीत सीआरपीवर चालवलेल्या गटात दिवस कमी झाले नाहीत. या दोन्ही चाचण्या आयसीयूतल्या सर्व प्रकारच्या संसर्गांच्या होत्या. खास व्हॅपसाठीच्या २००९ च्या एका छोट्या चाचणीतही पीसीटीने दिवस वाचवले होते.

एक दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. आपल्याकडच्या आयसीयूत व्हॅप करणारे जंतू बहुतेकदा ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्युडोमोनास. त्यांतले पुष्कळसे मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. मग कोलिस्टिनसारखी औषधं लागतात, आणि ती मूत्रपिंडाला त्रास देतात. अशा औषधाचा प्रत्येक कमी दिवस मोलाचा असतो. व्हॅपचा कोर्स आता बहुतेक पेशंटमध्ये ७ दिवसांचा धरतात. ‘आणखी आठवडाभर चालू ठेवा, पैशांचं बघू’ असं नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात, पण त्यात पेशंटचं हित असतंच असं नाही.

पायरी ५: बाकीचे आकडे, झरझर

लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर आणि रक्तदाब टिकवायला नॉरॲड चालू, हा सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळणं. यात २०१६ च्या व्याख्येनुसार हॉस्पिटलातला मृत्युदर ४०% च्या वर जातो. सीआरपीची वाट बघत बसायची ही वेळच नव्हे. लॅक्टेटचा नमुना बर्फात ठेवून लगेच मशीनवर लावावा लागतो. सिरिंज ट्रेमध्ये अर्धा तास पडून राहिली तर रक्तपेशीच लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा फुगतो. नव्या रेसिडेंटनी हे विशेष लक्षात ठेवावं.

प्लेटलेट घसरत जाणं, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन चढत जाणं, म्हणजे न्यूमोनिया आता फुप्फुसापुरता राहिलेला नाही. माझ्या मते पेशंटचं पुढचं सांगायला हे तीन जुने, स्वस्त आकडे कुठल्याही नव्या चाचणीइतकेच कामाचे आहेत.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. सीबीसीमधल्या न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागलं की एक गुणोत्तर मिळतं. ते चढत जाणं बरं नसतं. पण स्टिरॉइड चालू असेल तर ते आपोआप चढतं, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. अल्ब्युमिन कमी असणं ही अशक्तपणाची आणि दीर्घ आजाराची खूण. रोज मोजून काही कळत नाही.

प्रोॲड्रेनोमेड्युलिन, कोपेप्टिन, प्रिसेप्सिन अशी नावं इंटरनेटवर सापडतील. यांच्यावर संशोधन चालू आहे, पण व्हॅपच्या रोजच्या उपचारात ती लागत नाहीत. ती करा म्हणून हट्ट धरू नका.

पायरी ६: रक्ताशेजारी ऑक्सिजन मांडा

उजव्या पानावरचा सर्वांत मोलाचा हिशोब हा. एबीजीच्या रिपोर्टवर धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब असतो. मशीनवर ऑक्सिजनचं प्रमाण असतं. ६०% म्हणजे ०.६. दाबाला प्रमाणाने भागायचं. दाब ७२, ऑक्सिजन ६०%, तर ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. निरोगी माणसात हे ४०० च्या वर असतं. २०० च्या खाली फुप्फुसं बरीच खराब, १०० च्या खाली फारच. व्हॅपमधून बाहेर पडणाऱ्या पेशंटमध्ये हे गुणोत्तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुधारू लागतं.

एक कल्पित पेशंट घेऊ. सासवडकडचे ५८ वर्षांचे काका, डोक्याला मार, ऑपरेशन, व्हेंटिलेटर. सहाव्या दिवशी ताप, कफ हिरवट, ऑक्सिजन ४०% वरून ६०%, दाब ७२, म्हणजे गुणोत्तर १२०. सीआरपी ७० वरून १९०, पीसीटी ३.२. हा शून्य दिवस. पहिल्या दिवशी सीआरपी २३०, पीसीटी ३.८, घरचे घाबरले. चौथ्या दिवशी सीआरपी १०५, पीसीटी ०.९, ऑक्सिजन ४०% वर दाब ८४, म्हणजे गुणोत्तर २१०. हिशोब मांडा: १०५ भागिले १९० म्हणजे ०.५५. पीसीटी शिखराच्या ३.८ वरून ७६% उतरला. ऑक्सिजनचं गुणोत्तर १२० वरून २१०. तिन्ही आकडे एकाच दिशेला. सातव्या दिवशी सीआरपी ४८, पीसीटी ०.४: अँटिबायोटिक थांबवण्याची चर्चा करायला हरकत नाही.

आता तेच काका, पण चौथ्या दिवशी सीआरपी १८५, पीसीटी २.९, ऑक्सिजन ६५% वर दाब ७८, म्हणजे गुणोत्तर परत १२०, आणि क्रिएटिनिन १ वरून २.४. नळीतल्या कफाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी) चालू औषधाला दाद न देणारा ॲसिनेटोबॅक्टर. इथे आकडे जे सांगत होते त्याचं कारण कल्चरने दिलं. औषध बदलेल, आणि बदललेल्या दिवसापासून वहीत नवा शून्य दिवस सुरू होईल. जुन्या शून्यापासून मोजत राहिलात तर सातव्या दिवशी उगाच निराश व्हाल.

तिसरा प्रकार सर्वांत गोंधळाचा: ऑक्सिजन सुधारतोय, कफ कमी झालाय, ताप नाही, पण सीआरपी १७० वर अडलाय. अशा वेळी मी फुप्फुसं सोडून इतरत्र शोधतो. मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, ऑपरेशनची जखम, पाठीवरचा बेडसोर, पायातली गुठळी. अँटिबायोटिक नुसतं वाढवून हा सीआरपी उतरत नाही.

याच्या उलट, सीआरपी उतरतोय पण ऑक्सिजन बिघडतोय, तर पेशंटवर विश्वास ठेवायचा, कागदावर नाही. फुप्फुसात पाणी साठलं असेल, कफाने एखादा भाग बंद झाला असेल, फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठली असेल. पोर्टेबल एक्स-रे आणि सोनोग्राफी तेव्हा लगेच हवी.

पायरी ७: आकडा फसवतो तेव्हा

मूत्रपिंड निकामी झालं की पीसीटी संसर्गाशिवायही वर राहतो आणि हळू उतरतो. डायलिसिसवर तो खाली-वर होतो. मोठं ऑपरेशन, मोठी इजा, भाजणं, हृदय बंद पडून परत सुरू होणं, यांनंतर पहिले एक-दोन दिवस तो चढलेलाच असतो. तीव्र मलेरियातही चढतो, आणि पावसाळ्यात आयसीयूत असे पेशंट येतात. बुरशीच्या संसर्गात मात्र तो बऱ्याचदा खालीच राहतो.

सीआरपी यकृत बनवतं, म्हणून यकृत निकामी असलेल्या पेशंटमध्ये संसर्ग जोरात असूनही तो पुरेसा चढत नाही. टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन दिलेल्या पेशंटमध्ये तर तो फसवाच ठरतो, कारण यकृताला जाणारा निरोपच ते औषध अडवतं. कोविडच्या काळात हे आम्ही पुष्कळ पाहिलं. स्टिरॉइडनेही सीआरपी दबतो आणि पांढऱ्या पेशी वाढतात. म्हणून वहीत एक रकाना ‘आज नवीन काय’ असा ठेवा: ऑपरेशन, डायलिसिस, स्टिरॉइड, ट्रेकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन बसवलेली श्वासाची नळी).

पायरी ८: डॉक्टरांना काय विचारायचं

भेटीची वेळ दहा मिनिटांची असते. घरातल्या एकानेच बोलावं, बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकावं. ‘सीआरपी एवढा का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याऐवजी असं विचारून बघा:

“डॉक्टर, आज अँटिबायोटिकचा चौथा दिवस आहे. सीआरपी फारसा उतरला नाही. कल्चरमध्ये काय आलं, आणि चालू औषध त्या जंतूवर चालतंय का?”

“ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय की जास्त?”

“दुसरीकडे कुठे इन्फेक्शन असेल असं वाटतं का? लाइन कधी बदलली?”

“पीसीटी ८०% उतरलाय. अँटिबायोटिक कधी थांबवायचा विचार आहे?”

“डोस मूत्रपिंडाच्या आकड्यावरून बदललाय का?”

असे प्रश्न आले की डॉक्टरही मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव. ‘वाचतील का?’ हेही विचारा, जरूर विचारा. पण उत्तर एका रिपोर्टवरून मागू नका. वय, आधीचे आजार, किती अवयव थकलेत आणि मूळ आजार काय, यांचं वजन कोणत्याही सीआरपीपेक्षा जास्त आहे. अभ्यासातले आकडे गटाबद्दल असतात, तुमच्या माणसाबद्दल नाही.

खर्चाचंही बोला. सीआरपी काही शे रुपयांत होतो, पीसीटी त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. वरच्या चाचण्यांत तो रोज केला, पण त्यावरून रोज निर्णयही घेतला जात होता. ज्या आकड्यावर कोणी काही ठरवणार नाही तो रोज करून घेण्यात अर्थ नाही. शून्य, चौथा आणि सातवा दिवस पुरेल का, असं मोकळेपणाने विचारा. पेशंट महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर पॅकेजमध्ये कोणत्या तपासण्या धरल्यात ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं किंवा दुसरं मत घ्यायचं असेल तर मोबाइलमधले सुटे फोटो नेऊ नका. केसपेपर, कल्चरचे रिपोर्ट आणि औषधांचा तक्ता यांच्या प्रती लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंट किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. पेशंट हलवायचाच असेल तर हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

अँटिबायोटिक थांबल्यावरही वही लगेच मिटू नका. पेशंट अजून व्हेंटिलेटरवर किंवा ट्रेकिऑस्टॉमीवर असेल तर व्हॅप पुन्हा होऊ शकतो. परत ताप आला, कफ बदलला, ऑक्सिजन वाढवावा लागला, तर नवं पान, नवा शून्य दिवस. दुसऱ्या खेपेला पीसीटी पहिल्याइतका उसळत नाही असं अनेकदा दिसतं. मागच्या वेळी १२ होता आणि आता १.८ आहे म्हणून ‘या वेळी किरकोळ आहे’ असं धरून चालू नका. त्या दिवशीचं उजवं पान आधी वाचा.